पडद्याची वेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी कंधार येथे एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे विषय मला मांडता येणार नाहीत. पण घर, अंगण आणि चूल यांतले आपणा सर्वांनाच कळते. म्हणून आज एका वेलीविषयी चार शब्द सांगते.

आपल्याकडचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. जुन्या माळवदाच्या घरांत भिंती जाड आणि वर मातीचा थर, त्यामुळे भर दुपारीही आत गारवा असे. आता माळवदे गेली, स्लॅब आणि पत्रे आले. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती ऊब रात्री घरात सोडते. पुरुषमंडळी गच्चीवर जाऊन निजतात. स्वयंपाक करणारी बाई मात्र तापलेली भिंत आणि पेटलेला गॅस यांच्यामध्ये उभी. घरात तान्हे मूल किंवा अंथरुणावरचे म्हातारे माणूस असेल, तर हा प्रश्न सुखाचा राहत नाही, जिवाचा होतो.

यावर थोड्या खर्चाचा एक उपाय म्हणजे पडद्याची वेल. नर्सरीत ती ‘कर्टन क्रीपर’ या नावाने मागावी. शास्त्रज्ञ तिला पूर्वी व्हर्नोनिया म्हणत, आता टार्लमौनिया इलिप्टिका म्हणतात. मूळची ती ब्रह्मदेश व थायलंडकडची. बारमाही हिरवी असते. नवल म्हणजे ती आपल्या करडई, सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि माका यांच्याच कुळातली आहे. झेंडूचे एक फूल म्हणजे खरे पाहता पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ. हिची फिकट जांभळट फुले जवळून पाहा, म्हणजे नाते कळेल.

काकडी-दोडक्याच्या वेलीला असतात तसे ताणे हिला नसतात. म्हणून कुंडी गच्चीच्या कडेला ठेवावी आणि फांद्या खाली सोडाव्यात. त्या लांबच लांब लोंबतात आणि पडदा तयार होतो. कापडाच्या पडद्यापेक्षा हा बरा, कारण पाने ऊन अडवतात आणि स्वतः पाणी सोडून भोवतालची हवा थोडी गार करतात. वेल आणि भिंत यांच्यात वीतभर जागा राहिली तर हवा खेळती राहते.

पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे तुकडे मातीत खोचावेत. कुंडी मोठी आणि जागा उन्हाची हवी. सावलीत वेल विरळ होते. उन्हाळ्यात रोज पाणी लागते. त्यासाठी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते, म्हणजे नळाचे पाणी चार दिवसांनी आले तरी अडत नाही. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये. त्यात डास होतात. पहिल्याच वर्षी दाट पडदा होईल ही आशा नको. वर्षातून एकदा छाटणी करावी, नाहीतर खालचा भाग उघडा पडतो आणि वर नुसता भारा होतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. वेल दिसली की काढा करायचा, ही सवय आपल्यात वाढली आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली. 2021 साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे लिहिले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असे म्हटले. कोणाचेही म्हणणे धरा, आपल्यासाठी बोध एकच : न ओळखता काही पिऊ नये. करडईची कोवळी पाने आपण भाजी करून खातो, माक्याच्या रसाचे तेल केसांना लावतो. पण कूळ एक म्हणून गुण एक होत नाही. पडद्याची वेल सावलीसाठी आहे. तिचे पान पोटात घेऊ नये.

तशीच दुसरी सावधगिरी. याच कुळातली मिकानिया नावाची वेल दक्षिण अमेरिकेकडून आली आणि केरळ-आसामात बागा व जंगले झाकून बसली. म्हणून प्रवासातून अनोळखी वेल आणून अंगणात लावू नये.

शेवटी मंडळापुढे एक विनंती. या पावसाळ्यात ज्यांच्याकडे वेल आहे त्यांनी फांद्या द्याव्यात. आपण पिशव्यांत रोपे करू. संक्रांतीपर्यंत ती तयार होतील, तेव्हा प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी तेच वाण लुटू. पहिली रोपे ज्यांच्या डोक्यावर पत्रे आहेत आणि घरी लहान मूल किंवा म्हातारे माणूस आहे, त्यांना द्यावीत. नवी कुंडी घेणे ज्यांना परवडणार नाही त्यांना तेलाचा रिकामा डबा, खाली भोके पाडून, पुरतो.