एक पत्ता, अनेक यंत्रे



शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ब्रॉडबँडची जोडणी बहुधा एकच असते. तिच्यावर चालणारे संगणक, मोबाइल व कॅमेरे मात्र अनेक असतात. या सर्वांचा बाह्य जगाशी व्यवहार एकाच पत्त्यावरून चालविण्याची व्यवस्था राउटरमध्ये असते. तिला पत्ता-रूपांतर अथवा ‘नॅट’ म्हणतात.

इंटरनेटच्या जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत. ते अपुरे पडणार हे ओळखून १९९४ मध्ये ही पद्धत मांडण्यात आली. जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपलाही.

या पद्धतीचे कार्य आवक-जावक नोंदवहीसारखे आहे. १९२.१६८ ने आरंभ होणारा अंतर्गत पत्ता बाहेर चालत नाही. म्हणून राउटर संदेशावर स्वतःचा पत्ता घालतो, पोर्ट क्रमांकाची नोंद ठेवतो आणि उत्तर येताच नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे धाडतो. नोंद नसलेला संदेश सहसा आत पोहोचत नाही.

त्यामुळेच शाळेतील कॅमेरा बाहेरून पाहावयाचा झाल्यास ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करावे लागते. प्रथम कॅमेऱ्याचा अंतर्गत पत्ता कायम करावा. नंतर त्या पत्त्याकडे विशिष्ट पोर्ट वळवावा. तत्पूर्वी राउटरच्या पानावरील ‘वॅन’ पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असल्यास सेवा पुरविणारी कंपनी स्वतःच वरच्या पातळीवर पत्ता-रूपांतर करीत असते. तेथे राउटरमधील कोणताही बदल उपयोगी पडत नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

मात्र असे उघडलेले द्वार केवळ मुख्याध्यापकांसाठी उघडत नाही. ते साऱ्या जगासाठी उघडते. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला, तर वर्गातील मुले कोणा अनोळखी माणसाच्या पडद्यावर दिसू शकतात. यास्तव राउटर व कॅमेरा या दोहोंचे पासवर्ड बदलावेत, त्यांची आज्ञावली अद्ययावत ठेवावी, यंत्रांना परस्पर द्वारे उघडू देणारी ‘यूपीएनपी’ सोय बंद करावी आणि अनावश्यक नोंदी काढून टाकाव्यात.

सहाव्या आवृत्तीतील पत्ते इतके विपुल आहेत की, तेथे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र पत्ता मिळू शकतो व पत्ता-रूपांतराची गरज उरत नाही. तेव्हा राखणीचे काम फायरवॉलनेच करावयाचे असते. पत्ता-रूपांतर ही पत्त्यांच्या टंचाईवर काढलेली तोड आहे, पहारेकरी नव्हे. पहाऱ्याची जबाबदारी जोडणी वापरणाऱ्या संस्थेचीच राहते.