सोंगाड्याचा हजरजबाब



यात्रेतला तमाशा कधी पाहिलाच नाही असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत सापडणं कठीण. पाहिला नाही असं सांगणारे पुष्कळ सापडतील, ती गोष्ट वेगळी! तेव्हा सोंगाड्याची ओळख मी नव्यानं करून देत नाही. गण झाला, गवळण उभी राहिली, मावशीची नि पेंद्याची थट्टा झाली, की बतावणी सुरू होते आणि मग रात्रभर वग. त्यात सोंगाड्या असा काही बोलतो की मागचा माणूस म्हणतो, "काय सरस्वती नाचतेय गड्याच्या जिभेवर!" मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की ती सरस्वती आयत्या वेळी जिभेवर उतरत असली, तरी तिची पालखी फार लांबून निघालेली असते.

जुन्या वगाचं बाड बहुधा नसेच. फडाचा सरदार मंडळींना राहुटीत जमवी आणि गोष्ट सांगे. राजा कोण, प्रधान कोण, भांडण कुठं लागायचं, पद कुठं म्हणायचं, कोणतं वाक्य आलं की आत जायचं. पदं तेवढी पाठ. मधलं बोलणं ज्यानं त्यानं पदरचं घालायचं. त्यालाच संपादणी म्हणतात. आमच्या कोकणातले दशावतारीही हेच करतात. आख्यान ठरलं, पात्रं वाटून झाली, की तोंडाला रंग लावता लावता प्रसंगांचा क्रम बोलून घ्यायचा. संवाद मात्र उभं राहिल्यावर सुचतील तसे.

पण पदरचं घालायचं म्हणजे आधी पदरात काही हवं ना?

१९७८ सालची गोष्ट. मी एका लहान गावात शिक्षक होतो. चैत्रातली यात्रा, फड सकाळीच आलेला. रात्रभरच्या प्रवासानं सगळी मंडळी आडवी झाली, सोंगाड्या मात्र गावात फिरत होता. न्हाव्याकडं बसला, पारावर बसला, दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन टेकला. म्हणाला, "गुरुजी, यंदा गावात नवीन काय?" मी म्हटलं, "नळयोजना झाली. घरोघर तोट्या बसल्या. पाणी तेवढं यायचंय." तो हसला, तंबाखू मळली आणि गेला.

रात्री वगात दरबार भरला. राजानं विचारलं, "प्रधानजी, प्रजेची हालहवाल काय?"

"परजा लई सुखी हाय, म्हाराज. घरोघर तोट्या बसवल्या."

राजा म्हणाला, "आणि पाणी?"

"पाणी परजेच्या डोळ्यांत हाय, म्हाराज."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सरपंचसुद्धा हसले, न हसून करतात काय? मी मात्र घरी येताना त्या राजाचा विचार करीत होतो. त्या माणसाला आमच्या नळाची काही एक कल्पना नव्हती, तो दिवसभर झोपला होता. पण सोंगाड्यानं तोट्या काढल्या तेव्हा त्यानं "दरबारात हे काय तोट्याबिट्या लावलंस?" असं म्हटलं नाही. आपल्या राज्यात तोट्या आहेत हे त्यानं मुकाट मान्य केलं आणि दोनच शब्द विचारले. टाळी सोंगाड्याला मिळाली, पण ती त्या दोन शब्दांवर उभी होती. बतावणीत ह्या समोरच्या माणसाकडं कुणाचं लक्ष जात नाही.

दोन वर्षांनी तोच फड पुन्हा आला. राजा बदललेला होता. आधीच्याला दुसऱ्या फडानं जास्त उचल दिली, तो तिकडं गेला. नवा राजा दिसायला रुबाबदार, आवाज खडा. पण सोंगाड्यानं चेंडू टाकला की हा तो खाली पाडी, नाहीतर स्वतःच विनोद करायला धावे. आमचा सोंगाड्या त्या रात्री अडखळला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणी चप्पल फेकली. माणूस तोच, जीभ तीच. पुढच्या वर्षी फडात तो नव्हता. पोट तर भरायला हवं. कुठल्याशा गुऱ्हाळावर कामाला लागल्याचं कानावर आलं.

हा धंदा असाच आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावाला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन यात्रेची सुपारी देऊन जातात. कलावंतानं उचल घेतलेली असते, ती हंगामभर नाचूनबोलून फेडायची. २०२० आणि २०२१ साली करोनानं यात्रा बंद राहिल्या तेव्हा या माणसांच्या हजरजबाबाला गिऱ्हाईकच उरलं नाही.

यश मिळालेलेही आहेत, नाही असं नाही. दादू इंदुरीकरांचा 'गाढवाचं लग्न' मधला सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. दादा कोंडके मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढले, सेवा दलाच्या कलापथकात तयार झाले. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे १९६५ सालचं. संहिता लेखकाची, पण हवालदाराच्या तोंडी दादा त्या त्या दिवसाचं काही ना काही घालीत, आणि प्रयोग दीड हजारांवर गेले. पुढं १९७१ साली 'सोंगाड्या' हा त्यांचा बोलपट आला. बोलपट मला आवडतो, पण एक आहे, पडद्यावरच्या सोंगाड्याला आपल्या गावाचं नाव ठाऊक नसतं.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत, वगाची संहिता आधी लिहून मंजूर करून घ्यावी असा नियम आला. कारण सांगितलं गेलं अचकटविचकट बोलण्याचं. ते कारण अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दुहेरी अर्थाचं बोलणं सोपं असतं, ते कुठल्याही गावात तसंच्या तसं चालतं. त्यासाठी दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन बसावं लागत नाही. पण मंजूर झालेल्या कागदात आमच्या तोट्या कुठून येणार? कागद मंजूर झाला तेव्हा त्या बसल्याही नव्हत्या.

त्या यात्रेनंतर मी वर्गात एक खेळ सुरू केला. शनिवारी शेवटच्या तासाला दोन मुलांना पुढं उभं करायचं, जागा सांगायची, बाजार किंवा एस. टी. चा थांबा, आणि बोला म्हणायचं. नियम एकच: दुसरा जे बोलेल ते खरं धरायचं. पहिले चार शनिवार नुसती भांडणं झाली. "तू दुकानदार नाहीस." "आहे!" मग हळूहळू जमू लागलं. उलट उत्तरं देतो म्हणून माझ्याच हातचा मार खाल्लेला एक पोरगा होता. त्याला भाजीवाला केला, समोर गिऱ्हाईक म्हणून एक अबोल मुलगी.

"भोपळा केवढ्याला?"

"हा विकायचा नाही."

मुलगी थांबली. वर्ग थांबला. मग ती हळूच म्हणाली, "मग बाजारात कशाला आणला?"

"घरी एकटा रडतो, बाई."