निद्रानाश : गोळी आणि दिनक्रम

(शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना पाणीपुरवठा, लसीकरण, सकस आहार हे विषय आपल्यापुढे येतात. झोप हा विषय मात्र कोणत्याही सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा दिसत नाही. वस्तुतः चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. त्यांपैकी आहाराविषयी आपण पुष्कळ बोलतो; निद्रेविषयी ती बिघडल्यावरच बोलतो, आणि तेही बहुधा औषधाच्या दुकानदाराशी.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांना माझ्याकडे आणण्यात आले. पत्नीच्या निधनानंतर त्यांची झोप उडाली होती. सर्दीच्या गोळीने गुंगी येते हे ठाऊक असल्याने त्यांनी तीच गोळी रोज रात्री घेण्यास आरंभ केला. आधी एक, पुढे दोन. चौथ्या महिन्यात एका पहाटे लघवीसाठी उठताना तोल जाऊन ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. ते मला म्हणाले, "गोळी अगदी साधी होती हो. तिला डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

चिठ्ठी मागितली गेली नाही म्हणजे औषध निर्धोक, हा समज किती महागात पडतो, हे सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

सर्दीच्या व ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांत हिस्टामिनला रोखणारे द्रव्य असते. मेंदूला जागे ठेवण्याचे काम ज्या द्रव्यांकडे आहे, त्यांत हिस्टामिन हे एक. ते रोखले की गुंगी येते. परंतु काही दिवसांतच शरीर या गोळीला सरावते आणि गुण ओसरतो. दुष्परिणाम मात्र मागे राहतात. वृद्धांना भ्रम होणे, तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठ होणे, लघवी अडणे आणि तोल जाणे हे ते परिणाम होत. आपल्या औषधविषयक नियमांच्या 'जी' अनुसूचीत या वर्गातील अनेक द्रव्ये समाविष्ट आहेत आणि ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर देणे बंधनकारक आहे. तो इशारा बारीक अक्षरात असतो, म्हणून वाचला जात नाही. अमेरिकेतील निद्राविषयक वैद्यकीय अकादमीने २०१७ साली जुनाट निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामिन व मेलाटोनिन ही दोन्ही औषधे न वापरण्याची सूचना केली. मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतील ग्रंथीतून स्रवणारे द्रव्य आहे. दूरच्या विमानप्रवासाने बिघडलेले शरीराचे घड्याळ पुन्हा लावण्यास त्याची मदत होते; नेहमीच्या निद्रानाशात लाभ फारच थोडा.

अल्प्राझोलामसारखी औषधे तर 'एच-१' अनुसूचीत येतात. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. त्यांची सवय जडते. मात्र जे अनेक महिने ती घेत असतील त्यांनी आज ऐकलेल्या व्याख्यानावरून ती एकाएकी बंद करू नयेत. त्यामुळे झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द. कोमट दूध, काशाच्या वाटीने तळपाय घासणे यांत अपाय नाही, आणि मन शांत होते हा लाभच. दुधात चिमूटभर जायफळ चालेल. अधिक प्रमाणात ते विषारी ठरते. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते.

मग करावे काय? झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. जागेपणी मेंदूत हळूहळू साचत जाणारी झोपेची ओढ ही एक, आणि उजेड-अंधारावर चालणारे शरीराचे घड्याळ ही दुसरी. या घड्याळाच्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसा दोन तास आडवे झाल्यास ती ओढ दिवसाच खर्ची पडते. सायंकाळच्या चहातील कॅफिनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते. मोबाईलचा उजेड घड्याळ मागे सारतो आणि त्यावरील मजकूर मन जागे ठेवतो.

म्हणून पहिला नियम असा की, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठावे आणि थोडा वेळ उन्हात फिरावे. दुपारनंतर चहा घेऊ नये. दिवसाची वामकुक्षी अर्ध्या तासाहून अधिक नसावी. झोप येऊ लागली की मगच अंथरुणावर पडावे. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात शांतपणे बसावे, आणि पेंग येताच परतावे. अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, ही मनाला लागलेली सवय यामुळे मोडते. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ साली मांडलेली ही पद्धत आजच्या वर्तनोपचाराचा एक प्रमुख भाग आहे, आणि प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर औषधांआधी हाच उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली केली. पहिला आठवडा कठीण जातो. चार ते आठ आठवडे नेटाने पाळावे.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले, तर डॉक्टरांना भेटावे. घोरताना श्वास अडत असेल तर गुंगीच्या गोळीला हातही लावू नये. झोपेसोबत जगण्याची इच्छाही मावळत असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर तत्काळ बोलावे.

परंतु मित्रहो, प्रत्येकाची झोप त्याच्या एकट्याच्या हाती नसते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास बंदी आहे. अपवादात्मक सवलतीही मध्यरात्रीपर्यंतच्याच. हा नियम गावात पाळला जातो की नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांनी पाहावे. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून राज्य शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ पूर्वी न भरविण्याचा निर्णय घेतला. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, हे शिक्षकांनी पालकसभेत आवर्जून सांगावे. आणि रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला 'लवकर झोपा' असा उपदेश करण्यापूर्वी दिवसा वीज मिळवून देणाऱ्या योजना आपल्या गावात कोठवर आल्या, याची चौकशी अधिकाऱ्यांनी करावी.

ते निवृत्त शिक्षक आज काठी घेऊन चालतात. पहाटे ठरल्या वेळी उठतात, सकाळी देवळाच्या ओट्यावर मुलांचे पाढे घेतात. "आता झोप पूर्वीइतकी गाढ नाही," ते म्हणाले, "पण ती माझी आहे." गोळीच्या चिठ्ठीची चौकशी न करणाऱ्या आपल्या गावांनी निदान शेजाऱ्याच्या झोपेची चौकशी करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.