परदेशातील शिक्षण आणि घरची प्रयोगशाळा



महाविद्यालयांनी परदेशी विद्यापीठांशी सहकार्याचे करार करावेत आणि विद्यार्थ्यांनी काही काळ तरी परदेशी जाऊन अध्ययन करावे, हा विचार आता आपल्याकडे सर्वमान्य झाला आहे. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने यासंबंधी जे विनियम केले, त्यांनुसार भारतीय व परदेशी संस्थांना मिळून संयुक्त पदवी अथवा दुहेरी पदवी देता येते. अभ्यासक्रमाचा काही भाग येथे व काही भाग तेथे पुरा करता येतो. २०२५ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाला याच बंगळूर शहरात शाखा स्थापन करण्यासाठी आयोगाने इरादापत्र दिले. म्हणजे दारे उघडत आहेत यात शंका नाही. तथापि दार उघडल्यावर आत कोण जातो, कोणती शिदोरी घेऊन जातो आणि परत आल्यावर त्याला बसावयास जागा मिळते की नाही, हे प्रश्न करारपत्राच्या बाहेर राहतात. आज मी या तीन प्रश्नांविषयीच बोलणार आहे, आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही.

जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. हुशार विद्यार्थ्यांना परदेशी शिकण्यासाठी त्यातून कर्जाऊ रक्कम मिळे व ती पुढे कमाईतून फेडावयाची असे. परंतु तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. संशोधनाची एक थोर संस्था आपल्याच भूमीवर उभी राहावी, असा ध्यास त्यांनी घेतला. जागेची पाहणी करण्यासाठी विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्से भारतात आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. म्हैसूर संस्थानाने सुमारे ३७० एकर जमीन दिली. टाटा १९०४ साली निवर्तले. संस्था १९०९ साली स्थापन झाली. रॅम्से यांच्यासमवेत निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन या वायूंचा शोध लावणारे मॉरिस ट्रॅव्हर्स तिचे पहिले संचालक झाले. आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतो, त्यातूनच ही भारतीय विज्ञान संस्था जन्मास आली. विद्यार्थ्याला बाहेर पाठविणे आणि विद्येला घरी आणणे, या दोन्ही गोष्टी टाटांच्या मनात एकत्र नांदत होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच संस्थेत नारायणराव व माधवराव भागवत हे दोघे बंधू रसायनशास्त्र शिकले. नारायणरावांची कन्या कमला हिने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम रीतीने मिळविली आणि वडील व चुलते जेथे शिकले तेथेच प्रवेशासाठी अर्ज केला. त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संस्थेचे संचालक होते. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. आपला अधिकार त्यांनी समक्ष मांडला, आणि अखेर एक वर्ष परीक्षाकाळ म्हणून काम करावे, काम पसंत पडले तरच ते मान्य होईल, अशा अटींवर त्यांना प्रवेश मिळाला.

येथे एक विसंगती दिसते. जर्मनीतील ज्यूद्वेष्ट्या राजवटीमुळे देशोधडीला लागलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना रामन यांनीच आग्रहाने बंगळूरला बोलाविले होते. १९३५-३६ च्या हिवाळ्यात ते येथे राहिले. जगातील विद्वानांसाठी संस्थेची दारे उघडी ठेवू पाहणाऱ्या या थोर पुरुषालाही मुंबईहून आलेल्या एका पदवीधर मुलीसाठी ते दार सहज उघडता आले नाही. आंतरराष्ट्रीय वृत्ती आणि न्यायबुद्धी या नेहमी हातात हात घालून येतात असे नाही. आपल्या करारांचा लाभ कोणाला होतो हे तपासताना हे उदाहरण डोळ्यांपुढे असावे.

संस्थेत श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर संशोधन केले. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळीवर भागते, तेथे हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. त्यांचे काम पाहून रामन यांचेही मत पालटले व पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

शिष्यवृत्त्यांच्या बळावर १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात प्रथम डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याजवळ त्यांनी काम केले. बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते आणि पेशींच्या श्वसनक्रियेत त्याचा वाटा असतो, असे त्यांनी दाखविले. अवघ्या चौदा महिन्यांत सिद्ध झालेला त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पृष्ठांचा होता. एवढ्या थोड्या काळात हे घडले ते केवळ केंब्रिजच्या गुणाने नव्हे. प्रश्न कसा विचारावा, हात कसा चालवावा आणि नोंद कशी ठेवावी, हे त्या बंगळूरमध्येच शिकल्या होत्या. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ज्या केंब्रिजला आपण विद्येचे माहेरघर समजतो, त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्वासह पदवी देण्यास १९४८ साल उजाडू दिले. अपूर्णता दोन्ही तीरांवर असते.

१९३९ साली कमलाबाई स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ साली विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. केंब्रिजमध्ये कमावलेली विद्या गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचली, कारण ती वापरावयास येथे प्रयोगशाळा होती.

अशी जागा सर्वांनाच मिळाली असे मात्र नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ साली ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या नगरीत त्यांना राहावयास घर मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाची इच्छा चांगली होती, पैसा मिळाला होता, करारही पक्का होता. उणीव होती ती परतलेल्या माणसाला सन्मानाने सामावून घेणाऱ्या समाजाची. परदेशी गेलेली मुले परत येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. बंधपत्राने माणूस परत आणता येतो. त्याला टिकवून ठेवण्याचे सामर्थ्य बंधपत्रात नसते.

तेव्हा कोणत्याही महाविद्यालयाने करारावर सही करण्यापूर्वी स्वतःस काही प्रश्न विचारावेत. पाठविला जाणारा विद्यार्थी येथे आधी एखादे स्वतंत्र काम पुरे करून जाणार आहे काय? ज्याच्या घरी पैसा नाही किंवा ज्याच्या घरी आजवर कोणी शिकले नाही, त्याच्या खर्चाची तरतूद आहे काय? परतल्यावर त्याच्या नव्या ज्ञानाला वाव देईल असा वर्ग, अशी प्रयोगशाळा, असे ग्रंथालय आपल्याकडे आहे काय? आणि तिकडचे विद्यार्थी आपल्याकडे यावेत, असे आपल्यापाशी काय आहे? देवाणघेवाण हा शब्द आपण वापरतो खरा. पण नुसती घेवाणच चालू राहिली तर तो व्यवहार फार काळ बरोबरीचा राहत नाही.

या प्रश्नांना होकारार्थी उत्तरे देता येतील अशी महाविद्यालये आपण घडविली, तर करार छोटा असला तरी फळ देईल. तसे न झाल्यास सभागृहाच्या भिंतीवर करारपत्रांच्या तसबिरी वाढतील आणि विद्यार्थ्याच्या पदरात काही पडणार नाही.