माप आपल्या हातानं घ्यावं

आज चिंतन करायचं आहे ते नरहरी सोनार महाराजांच्या चरित्राचं. चरित्र तुम्हाला पाठ आहे. पण वाचक मायबापहो, पाठ असलेली गोष्ट आपल्या घरात कुठे लागू पडते, ते पाहायचं राहून जातं. माझंही राहिलं होतं. म्हणून आधी माझ्या घरची चूक सांगतो, मग महाराजांकडे जाऊ.

आम्ही बदलापूरचे. उल्हास नदीकाठचं गाव. पावसाळ्यात हवा ओली, आणि ओली हवा पेटीची वैरीण. एका श्रावणात माझ्या पेटीचा एक सूर मुका झाला. पट्टी दाबली की नुसती हवा जाई. मी सप्ताहाहून परत येऊन पाहतो तर काय! दहा वर्षांचा मुलगा पेटी उघडून बसलेला. झाकण एकीकडे, पट्ट्या एकीकडे. मी विचारलंसुद्धा नाही. "कुणी सांगितलं हात लावायला?" म्हणून पाठीत धपाटा घातला. शाळेतून चिठ्ठी यायची, मुलाचं लक्ष नसतं. शेजारी म्हणायचे, बुवा, पोरगं भारी उचापती आहे. तेच मी मनात धरून बसलो होतो. घरातून आवाज आला, "अहो, त्यानं काय केलंय ते बघा तरी आधी." पण रागाला डोळे असतात का?

सगळं सामान चादरीत बांधलं आणि उल्हासनगर गाठलं. तिथे एक म्हातारे सिंधी कारागीर होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक कल्याणच्या लष्करी छावणीत, बराकींत राहिले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी दोन हातांच्या बळावर पुन्हा संसार उभे केले. अशा माणसाला दुसऱ्याच्या हाताची पारख असते, बरं का!

त्यांनी चादर सोडली. आत एक पुठ्ठा निघाला. त्यावर पेन्सिलीनं पेटीचं चित्र काढलेलं, आणि जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवलेला. एकही इकडचा तिकडे नाही. म्हणाले, "महाराज, ये किसने किया?" मी म्हटलं, "पोरानं. बिघडवली." ते हसले. "बिगाड़ा नहीं, आधा काम किया है. अगले इतवार उसको लेके आओ."

पुढच्या रविवारी बापलेक गेलो. त्यांनी मुलाच्या हातात पातळ कागद दिला. सुराची पितळी जीभ अलगद उचलून कागद खालून कसा फिरवायचा, ते दाखवलं. धुळीचा एक कण निघाला. भाता हलवला आणि सूर बोलला! मुलानं पेटीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

येताना वाटेत अंबरनाथला उतरलो. पूर्वेला वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातलं शिवालय आहे, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. दर्शन घेतलं. बाहेर काळ्या दगडातल्या मूर्तींवरून मुलगा हात फिरवत होता. तिथेच बसून मी त्याला नरहरी महाराजांची कथा सांगितली.

पंढरीचे सोनार, पण कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचं तोंड पाहणार नाही, असा नेम. एका सावकारानं देवाला सोन्याचा करगोटा नवसला. महाराज म्हणाले, माप तुम्हीच आणा. आणलेल्या मापानं करगोटा घडवला, तो सैल झाला. कमी केला, आखूड झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून देवळात गेले आणि मूर्ती चाचपली. हाताला लागले शंकर! पट्टी सोडली, पुढे विठ्ठल. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. हरी आणि हर एकच, हे डोळ्यांनी नाकारलं होतं ते हातांनी ओळखलं.

मुलानं विचारलं, "बाबा, त्यांनी पहिल्यांदाच स्वतः का नाही मोजलं?"

माऊली, चाळीस वर्षं कीर्तन करतोय, पण त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. कारण मीही पोराचं माप शाळेकडून आणलं, शेजाऱ्यांकडून आणलं. उसन्या मापाचा दागिना देवाला बसला नाही, तर तो लेकराला कसा बसेल?

तेव्हा एवढं करा. वारीला जालच, पण त्याआधी एका रविवारी लेकराजवळ बसा. सायकलची साखळी उतरलेली असेल, कुकरची शिट्टी अडकत असेल, टाळाची दोरी झिजली असेल. ते काम त्याच्या हातात द्या. विजेची वस्तू असेल तर पिन आधी काढा. चुकलं तर चुकू द्या. नरहरी महाराजांचंही दोनदा चुकलं, देव रागावला नाही. तो विटेवर उभाच राहिला, जवळ येईपर्यंत.

रामकृष्णहरी.