मारवाडची रात्र

वाळवंट म्हटलं की वारकऱ्याला चंद्रभागेचंच आठवतं. पण मंडळी, ज्ञानोबाराय आणि नामदेवराय तीर्थाटनाला निघाले तेव्हा त्यांना मारवाडचं वाळवंट लागलं. नामदेवांनी पांडुरंगाला हाक मारली नि विहीर काठोकाठ भरून आली, ही तहानेची कथा आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच वाळूवरची रात्र मात्र कुणी सांगत नाही!

पौषात बिकानेर-जैसलमेरकडे गेलात आणि राहुटीत मुक्काम पडला, तर दुपारच्या उन्हाला भुलू नका. तिथल्या हवेत ओलावा नाही, वर ढगाचं पांघरूण नाही. दिवस मावळला की वाळूतली ऊब सरळ आभाळात निघून जाते. मग थंडी खालून चढते. दोन घोंगड्या असतील तर एक अंगाखाली घाला. कानटोपी घाला, घामाने भिजलेला सदरा बदला. खोलगट जागी गार हवा साचते, तिथं राहुटी नको.

आता माउली, हे हात जोडून सांगतो. म्हातारी आई कुडकुडते, मग मायेपोटीच कुणीतरी निखाऱ्याची शेगडी आत आणतं, पडदे बांधतं. निखाऱ्याच्या त्या विषारी हवेला रंग नाही, वास नाही. निजलेल्याला जागच येत नाही हो! शेगडी बाहेरच ठेवा. तिच्याभोवती बसून हरिपाठ म्हणा, हात शेका. आईला दोघांच्या मधे निजवा, पायाशी गरम पाण्याची पिशवी द्या.