इसबाचं मूळ धुऱ्यावर शोधा

नरखेड तालुक्यात इसब चिघळला की पहिला आळ येतो ताटावर. वांगं बंद, भुईमुगाचे दाणे बंद, रक्त बिघडलं म्हणून कडुनिंबाचा रस सुरू. माझं म्हणणं असं, की शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसाच्या इसबाचं कारण शोधायला आधी धुऱ्यावर जावं. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम दिसलेलं गाजर गवत आज संत्र्याच्या बागेत, पऱ्हाटीच्या कडेला, नाल्याकाठी माजलेलं असतं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य अनेकांच्या कातडीला सोसत नाही. गवत वाळलं तरी त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो. त्यामुळे गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. पापण्या, कानामागची घडी, हनुवटीखालचा भाग आणि कोपराचा खळगा नीट पाहा. उन्हानं उठणारे चट्टे सावलीतल्या या जागा बहुधा सोडतात. उडणारी धूळ मात्र नेमकी तिथंच साचते.

कुणी म्हणेल, सगळं गाव त्याच गवतातून जातं, मग एकालाच का? ॲलर्जी प्रत्येकाला होत नाही, आणि ज्याला होते त्याच्या अंगात ती मुरायला कित्येक वर्षं लागू शकतात. जन्मभर निंदण केलेल्या बाईला पन्नाशीत इसब उठला, की गवतावर संशयच जात नाही. दुसरं म्हणणं, वांगं सोडल्यावर आराम पडला. पण इसब स्वभावानंच चढतो-उतरतो, आणि पथ्य धरलं जातं ते तो सर्वांत चढलेला असताना. लहान बाळांच्या तीव्र इसबात दूध किंवा अंड्याचा संबंध कधी कधी असतो. तो डॉक्टरांनी तपासून ठरवावा. वाढत्या लेकराची अंडी नि दाणे अंदाजानं तोडणं मला अन्यायाचं वाटतं.

हिवाळ्यातली कोरडी हवा, कढत पाणी, कपड्याचा साबण, वैशाखातला घाम हेही इसब उठवतात. म्हणून अंघोळ कोमट पाण्यानं करावी आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावं. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या ट्यूबची मला खरी धास्ती वाटते. तिच्यात बहुतेकदा स्टेरॉईड असतं. चार दिवस खाज थांबते, आणि तो इसब नसून गजकर्ण असेल तर आतल्या आत पसरत जातं. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून, दोन दिवसांनी त्या काढून, गवताची ॲलर्जी आहे का हे पाहू शकतात. ती निघाली, तर धुऱ्यावरचं गवत फुलावर येण्याआधी उपटून घ्यावं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, घरातल्या इसब नसलेल्या माणसानं.